तायक्वांदोचे खरे वय आणि खोडला गेलेला जनरल

थ्रेड मोठा आहे, सवडीने वाचावा. विषय एका कोरियन सेनाधिकाऱ्याचा आहे आणि त्याच्या निमित्ताने एका जुन्याच प्रश्नाचा: एखाद्या विद्येचे वय ठरवते कोण?

तायक्वांदो ही दोन हजार वर्षे जुनी विद्या आहे, हे वाक्य तुमच्यापैकी अनेकांनी वाचलेले असेल. वर्गाच्या माहितीपत्रकात ते असते, पट्ट्याच्या परीक्षेच्या पुस्तिकेत असते, फिरत्या व्हिडिओंत तर असतेच. पुरावा म्हणून बहुधा तीन गोष्टी पुढे केल्या जातात. गोगुर्यो राज्यातील थडग्यांच्या भिंतींवर एकमेकांसमोर झुंजीच्या पवित्र्यात उभे असलेले दोन पुरुष चितारलेले आहेत. सिल्ला राज्यात ह्वारांग नावाचे तरुणांचे पथक होते. आणि १७९० मध्ये राजा जोंगजो याच्या आज्ञेने ‘मुये दोबो तोंगजी’ हा युद्धकलांचा सचित्र ग्रंथ सिद्ध झाला. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु भिंतीवरचे चित्र दोन माणसे झुंजत आहेत एवढेच सांगते; ती कोणती विद्या, ती कोणी कोणाला दिली आणि पुढे ती कोणाकडे गेली, याविषयी चित्र मौन पाळते. १७९० च्या ग्रंथातील मुष्टियुद्धाचे प्रकरण तर मोठ्या प्रमाणात मिंग काळातील चिनी सेनापती छी जिग्वांग याच्या ग्रंथावर आधारलेले आहे. साम्य दाखवणे सोपे असते. परंपरा सिद्ध करायची तर गुरू-शिष्यांची साखळी दाखवावी लागते, आणि ती येथे दाखवता येत नाही.

माझ्या मते तायक्वांदोचे वय सत्तरीच्या आसपास आहे. हे सांगणारे सर्वांत बोलके साधन म्हणजे जनरल चोई होंग-ही या माणसाचे आयुष्य. आणि नेमक्या याच कारणाने हे आयुष्य सोलच्या अधिकृत कथनाला दीर्घकाळ अडचणीचे वाटत राहिले.

चोई यांचा जन्म ९ नोव्हेंबर १९१८ चा, आजच्या उत्तर कोरियातील उत्तर हामग्योंग प्रांतातला. कोरिया १९१० पासून जपानच्या ताब्यात होता, त्यामुळे ते जन्मतःच एका साम्राज्याचे प्रजाजन होते. त्यांच्या बालपणाची माहिती आपल्याला प्रामुख्याने त्यांच्याच तोंडून मिळते, आणि तिचा पोत आपल्या परिचयाचा आहे. बखरीचा. मूल अशक्त, वडिलांना काळजी. म्हणून हान इल-दोंग नावाच्या सुलेखन-गुरूकडे पाठवणी. हे गुरू अक्षरांबरोबर तेक्योन ही पायांच्या खेळाची जुनी कोरियन कलाही शिकवतात. पुढे तरुण चोई जुगारात एका पहिलवानाशी भांडतात, शाईची दौत त्याच्या डोक्यात हाणतात आणि जीव वाचवून जपानला जातात. क्योटोमध्ये रस्त्यावरचा प्रत्येक दिव्याचा खांब त्यांना तो पहिलवान वाटतो आणि ते त्यावर ठोसे-लाथांचा सराव करतात.

गोष्ट रंगतदार आहे आणि तिच्यात काही अंशी सत्य असूही शकेल. पण बखर वाचताना आपण जी सावधगिरी बाळगतो तीच येथे हवी. दौत खरी की खोटी, याने इतिहासाचे फारसे बिघडत नाही. हान इल-दोंग यांनी तेक्योन शिकवल्याचा तपशील मात्र कळीचा आहे, कारण संपूर्ण विद्येचे कोरियन मूळ त्या एका धाग्यावर टांगलेले आहे, आणि त्याला चोई यांच्या शब्दाखेरीज स्वतंत्र आधार नाही. याउलट क्योटोमध्ये आणि पुढे टोकियोत ते काय शिकले, याविषयी वाद नाही. ते शोतोकान कराटे शिकले. फुनाकोशी गिचिन या ओकिनावाच्या शिक्षकाने जपानच्या मुख्य भूमीवर रुजवलेली ती पद्धती होय. चोई यांनी तिच्यातील दुसरी दान पदवी मिळवली होती.

हे केवळ चोई यांच्याबाबत घडले असे नाही. १९४५ च्या आगेमागे सोलमध्ये ज्या प्रमुख व्यायामशाळा, म्हणजे ‘क्वान’, उभ्या राहिल्या, त्यांपैकी चुंग दो क्वानचे ली वोन-कुक आणि सोंग मू क्वानचे रो ब्युंग-जिक हे दोघेही टोकियोत फुनाकोशींकडे शिकलेले होते. या शाळांतून जे शिकवले जाई त्याला लोक तांगसुदो किंवा गोंगसुदो म्हणत. ही दोन्ही नावे म्हणजे ‘कराटे’ या शब्दाच्या दोन लेखनपद्धतींचे कोरियन उच्चार आहेत. एकीत ‘तांग’ म्हणजे चीन आणि ‘हात’. दुसरीत ‘रिक्त’ आणि ‘हात’.

येथे थोडे थांबावे लागेल, कारण या दोन लेखनपद्धतींमागे आणखी एक पुसापुशी दडलेली आहे. ओकिनावात ही विद्या ‘चिनी हात’ या अर्थाच्या अक्षरांनी लिहिली जात असे, कारण तिच्यावरील चिनी प्रभाव सर्वज्ञात होता. १९३० च्या दशकात जपानमध्ये लष्करी राष्ट्रवाद टिपेला पोहोचला, तेव्हा चिनी अक्षर काढून त्याच उच्चाराचे ‘रिक्त’ या अर्थाचे अक्षर रूढ करण्यात आले. उच्चार तोच राहिला, कुळी बदलली. तात्पर्य, कोरियनांनी पुढे कराटेच्या बाबतीत जे केले ते जपान्यांनी चीनच्या बाबतीत आधीच करून ठेवले होते. (आणि आपल्याकडे ‘बोधिधर्माने शाओलिनमध्ये युद्धकला नेली, म्हणून जगातील सर्व युद्धकला भारतीय’ असा जो संदेश फिरत असतो, तोही याच पंगतीतला. बोधिधर्माच्या नावावर खपवलेला ‘यीजिन जिंग’ हा व्यायामग्रंथ सतराव्या शतकातील आहे आणि शाओलिनच्या मुष्टियुद्धाचे जनकत्व त्याच्याकडे त्याहूनही उशिरा आले. कोरियनांना हसण्यापूर्वी आपले अंगण पाहावे.)

आता मूळ कथेकडे. दुसऱ्या महायुद्धात जपानने कोरियन विद्यार्थ्यांना सैन्यात भरती केले. चोईही त्यात सापडले आणि प्याँगयाँगच्या छावणीत आले. तेथील काही कोरियन विद्यार्थी-सैनिकांनी पळून जाऊन स्वातंत्र्यलढ्यात सामील होण्याचा कट रचला. तो उघडकीस आला आणि चोई तुरुंगात गेले. कोठडीत त्यांनी सराव सुरूच ठेवला. ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली आणि ते सुटले. जपानी सैन्याच्या कोठडीत जपानी विद्येचा सराव करणारा कोरियन देशभक्त: या चित्रात जे अवघडलेपण आहे, तेच पुढे सगळ्या तायक्वांदोच्या इतिहासात मुरलेले दिसते.

१९४६ च्या आरंभी दक्षिणेत जे नवे सैन्य उभे राहिले त्याच्या पहिल्या अधिकाऱ्यांत चोई होते. त्यांची बढती झपाट्याने झाली. १९५३ मध्ये जेजू बेटावर त्यांनी २९ वी पायदळ डिव्हिजन उभारली. तिच्या बोधचिन्हावर कोरियाच्या नकाशावर उगारलेली मूठ होती. याच सुमारास त्यांनी सैन्यात ‘ओ दो क्वान’, म्हणजे ‘माझ्या मार्गाची शाळा’, स्थापन केली. सोलच्या इतर क्वानप्रमुखांकडे कौशल्य चोईंपेक्षा कमी नव्हते. काही जण तर त्यांच्याहून सरसच होते. चोईंपाशी होती ती आज्ञा देण्याची सत्ता. एखादा शिक्षक शंभर शिष्य घडवील, सेनापती एका हुकमाने हजारोंना मैदानात उभे करतो. नव्या विद्या केवळ गुरूच्या प्रतिभेवर पसरत नाहीत, त्यांच्यामागे एखादी यंत्रणा असावी लागते, आणि तायक्वांदोच्या मागे पहिल्यापासून छावणी होती.

नावाची कथाही याच छावणीतली. राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांच्यासमोर एक प्रात्यक्षिक झाले आणि चोईंचे निकटचे सहकारी नाम ते-ही यांनी कौलांची चळत एका ठोशात फोडली. री यांनी ते पाहून ‘हे तर तेक्योन’ अशा अर्थाचे उद्गार काढले असे सांगतात. री १८७५ चे. त्यांच्या तरुणपणी तेक्योन अजून गल्लीबोळांत खेळले जात होते. समोर दिसत होते ते बहुतांशी कराटेच, पण वृद्ध राष्ट्राध्यक्षांची चूक सुधारणार कोण? शिवाय ती चूक सोयीची होती. मग तेक्योनशी उच्चाराने जवळ जाईल असे नाव शोधणे सुरू झाले. ‘ते’ म्हणजे पायाने तुडवणे वा लाथ मारणे, ‘क्वोन’ म्हणजे मूठ, ‘दो’ म्हणजे मार्ग. ११ एप्रिल १९५५ रोजी एका समितीने हे नाव स्वीकारले, असे चोई सांगत, आणि त्यांचे अनुयायी आजही तो दिवस जन्मदिवस म्हणून पाळतात. ज्या विद्येचा वाढदिवस १९५५ सालचा आहे, तिलाच दोन हजार वर्षांची ठरवण्यात कोणालाही विसंगती वाटू नये, हे नवल आहे.

चोई यांची पुस्तके पाहिली की शंका उरत नाही. १९५९ चे त्यांचे कोरियन पुस्तक आणि १९६५ चे इंग्रजी पुस्तक या दोन्हींत त्यांनी स्वतः रचलेल्या क्रमांबरोबर शोतोकानचे जपानी क्रमही दिलेले आहेत. क्रम म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका. जपानीत काता, चोईंच्या परिभाषेत पुढे ‘तुल’. आपल्या विद्येचे माहेर त्यांनी १९६५ मध्ये तरी लपवले नव्हते. पुढे जपानी क्रम गळाले. नंतर अंग किंचित खालीवर करत तंत्र मारण्याची लाटेसारखी हालचाल आली, जिच्यामुळे त्यांचे तायक्वांदो कराटेहून डोळ्यांना वेगळे दिसू लागले. टीकाकार म्हणतात की वेगळे दिसण्यासाठीच ती आणली. मला ही टीका अर्धीच पटते. कोणतीही कला घरातून निघाली की हळूहळू स्वतःची चाल घेते. आजच्या ऑलिंपिक तायक्वांदोतील उंच, वेगवान लाथा कराटेच्या कोणत्याही काताात सापडणार नाहीत. त्या स्पर्धेच्या नियमांतून आणि सरावातून घडल्या. कराटेतून जन्मणे आणि कराटेची नक्कल असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद ध्यानात घेतला असता तर खोट्या प्राचीनत्वाची गरजच पडली नसती.

आता ज्यासाठी हा थ्रेड लिहायला घेतला त्या भागाकडे येऊ. चोईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रचलेले चोवीस तुल. चोवीस, कारण दिवसाचे तास चोवीस. अनंतकाळापुढे माणसाचे आयुष्य एका दिवसाएवढे, अशी त्यामागची कल्पना. बहुतेक तुलांना कोरियन इतिहासातील व्यक्ती वा घटनांची नावे आहेत आणि हालचालींच्या संख्येलाही अनेकदा अर्थ आहे. जुंग-गुन या तुलात ३२ हालचाली आहेत, कारण इतो हिरोबुमी या जपानी मुत्सद्द्याला गोळी घालणाऱ्या आन जुंग-गुन यांना १९१० मध्ये फाशी झाली तेव्हा त्यांचे वय ३२ मानले जाते. साम-इल मध्ये ३३, कारण १ मार्च १९१९ च्या स्वातंत्र्य-जाहीरनाम्यामागे ३३ देशभक्त होते. चुंग-मू हा तुल नौसेनापती यी सुन-शिन यांच्या नावाचा. तो डाव्या हाताच्या प्रहाराने संपतो, आणि राजनिष्ठेच्या बंधनामुळे आपले पूर्ण सामर्थ्य दाखवता न आलेल्या त्या सेनापतीच्या अकाली मृत्यूची ती खूण आहे असे चोई लिहितात. शेवटचा तुल तोंग-इल, म्हणजे एकीकरण. त्यात ५६ हालचाली.

इतिहास लिहिण्याची ही विलक्षण रीत आहे. शिलालेख दगडावर असतो, ताम्रपट तांब्यावर. हा लेख माणसांच्या शरीरांवर कोरलेला आहे. अर्जेंटिनातला किंवा पोलंडमधला एखादा मुलगा कोरियाचा नकाशा पाहण्याआधी आन जुंग-गुनचे वय घोट्यांनी आणि मनगटांनी शिकतो. आणि कोणत्याही लेखाप्रमाणे याचेही वाचन करता येते: काय कोरले, काय खोडले, कोणाच्या आज्ञेने.

ह्वा-रांग हा तुल पाहा. नाव सिल्लाच्या तरुण पथकाचे, हालचाली २९. हा आकडा चोई यांच्या २९ व्या पायदळ डिव्हिजनचा, हे त्यांनी स्वतःच नोंदवले आहे. तेराशे वर्षांपूर्वीचे नाव आणि १९५३ ची छावणी एकाच तुलात शेजारी शेजारी बसवली आहेत. तायक्वांदोच्या सगळ्या इतिहासकथनाची कृती याहून प्रामाणिकपणे कोणी लिहून ठेवलेली नाही.

मग येतो ऊ-नाम. ऊनाम हे राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांचे टोपणनाव. १९५९ च्या पुस्तकात त्यांच्या नावाचा तुल आहे. एप्रिल १९६० मध्ये विद्यार्थ्यांच्या उठावाने री सत्तेवरून गेले आणि १९६५ च्या पुस्तकातून हा तुल नाहीसा झाला. हयात सत्ताधीशाच्या नावाने कवायत रचणे आणि तो पडताच ती गुंडाळणे, यात चोई यांच्या स्वभावाचा एक धागा स्पष्ट दिसतो. ते तत्त्वनिष्ठ बंडखोर नव्हते. सत्तेचा वारा त्यांना कळत असे.

फक्त एका माणसाच्या बाबतीत त्यांचे गणित चुकले. १६ मे १९६१ रोजी जनरल पार्क चुंग-ही यांनी लष्करी उठाव करून सत्ता घेतली. चोई उठावाच्या बाजूने होते, परंतु दोघांत जुने वैर होते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस पार्क यांच्यावर साम्यवादी संबंधांवरून लष्करी खटला चालला, तेव्हा न्यायाधीशांत आपण होतो, असे चोई सांगत. नव्या राजवटीत त्यांना सैन्यातून निवृत्त व्हावे लागले आणि १९६२ मध्ये राजदूत म्हणून मलायाला जावे लागले. हद्दपारीचा तो सभ्य प्रकार होता. चोईंनी तेथेही वर्ग सुरू केले. परतल्यावर १९६५ मध्ये ते सरकारी पाठबळाने प्रात्यक्षिक-पथक घेऊन पश्चिम जर्मनी, इटली, तुर्कस्तान, इजिप्त, मलेशिया, सिंगापूर असे फिरून आले. त्याआधीच नाम ते-ही दक्षिण व्हिएतनामच्या सैन्याला शिकवायला गेले होते. शीतयुद्धात अमेरिकेच्या बाजूच्या देशांचे जे जाळे होते, त्याच वाटांनी तायक्वांदो जगात गेले.

२२ मार्च १९६६ रोजी सोलमध्ये चोईंनी इंटरनॅशनल तायक्वांदो फेडरेशन स्थापन केली. पण आता ही विद्या एका हट्टी निवृत्त जनरलच्या हाती सोडण्याइतकी किरकोळ राहिली नव्हती. १९७१ मध्ये कोरियाच्या राष्ट्रीय संघटनेची सूत्रे किम उन-योंग यांच्याकडे गेली. ते पार्क यांच्या अध्यक्षीय सुरक्षा यंत्रणेतील उच्चाधिकारी. त्याच वर्षी पार्क यांनी स्वतःच्या हस्ताक्षरात ‘राष्ट्रीय क्रीडा तायक्वांदो’ असे लिहून दिले. १९७२ मध्ये सोलमध्ये कुक्कीवोन हे भव्य केंद्र उघडले आणि त्याच वर्षी चोई देश सोडून कॅनडाला गेले. २८ मे १९७३ रोजी सोलमध्ये वर्ल्ड तायक्वांदो फेडरेशन स्थापन झाली. अध्यक्ष किम उन-योंग. एका विद्येच्या दोन जागतिक संघटना झाल्या, आणि त्यांपैकी एकीच्या मागे राज्य उभे होते.

चोई परदेशी गेल्यावर दोन हजार वर्षांच्या कथेला आणखी भक्कम कारण मिळाले, असे मला वाटते. हे माझे अनुमान आहे आणि त्यावर वाद घालायला हरकत नाही. विद्या विसाव्या शतकातील आहे असे मान्य केले की ती कोणी घडवली हा प्रश्न अटळ होतो, आणि उत्तरात चोईंचे नाव टाळता येत नाही. विद्या प्राचीन आहे असे म्हटले की कोणीच संस्थापक उरत नाही. तिचा वारस राष्ट्र, आणि राष्ट्राचा वारस शासन. एका म्हाताऱ्या विरोधकाला पुसण्यासाठी त्याच्याशी वाद घालावा लागत नाही, त्याच्या मागे वीस शतके उभी केली की तो आपोआप दिसेनासा होतो. सोलच्या कथनातून चोईंचे नाव वर्षानुवर्षे जवळजवळ गायब राहिले ते असे. जपानी सत्तेचा ओरखडा ताजा असलेल्या देशाला आपला राष्ट्रीय खेळ जपानहून आला हे मान्य करणे जड जाणे समजू शकते. नावेसुद्धा जपानी घ्यायला लावणारी ती सत्ता होती. पण वेदना समजून घेणे वेगळे आणि ती झाकण्यासाठी केलेला बनाव इतिहास म्हणून शिकवणे वेगळे. १९९५ मध्ये स्टीव्हन केपनर यांनी आणि नंतर उडो मोनिग यांनी हा बनाव सविस्तर उलगडला. कोरियातही आता ही चर्चा मोकळेपणी होते. वर्गांच्या माहितीपत्रकांपर्यंत ती पोहोचायची आहे.

मात्र चोईंना केवळ बळी म्हणून रंगवणाऱ्यांशीही माझे पटत नाही. १९८० मध्ये ते प्रात्यक्षिक-पथक घेऊन प्याँगयाँगला गेले. दक्षिणेच्या दृष्टीने हा शुद्ध देशद्रोह होता. त्यांचे अनेक जुने शिष्य येथेच त्यांच्यापासून तुटले. चोईंचे समर्थन असे की ही कला सर्व कोरियनांची, आणि उत्तर ही त्यांची जन्मभूमी. त्यांच्या एकीकरणाच्या ओढीबद्दल मला शंका नाही. परंतु उत्तरेने पाठबळ देताना मोबदलाही घेतला. १९८५ मध्ये फेडरेशनचे मुख्यालय व्हिएन्नाला गेले. दक्षिणेचे हुकूमशहा चुन दू-ह्वान यांच्या हत्येच्या कटाच्या प्रकरणात चोई यांच्या मुलाला १९९१ मध्ये कॅनडात शिक्षा झाली. आणि मोबदल्याची सर्वांत ठळक खूण पुन्हा तुलांतच सापडते.

चोवीसांतील एका तुलाचे नाव होते को-दांग. कोदांग म्हणजे चो मान-सिक यांचे टोपणनाव. हे नाव आपल्याला माहीत असायला हवे. १८८३ चा जन्म, धर्माने ख्रिस्ती, शिक्षक, गांधीजींच्या अहिंसेने भारावलेले. १९२० च्या दशकात त्यांनी प्याँगयाँगमध्ये देशी माल वापरण्याची चळवळ उभारली. त्यांना ‘कोरियाचे गांधी’ म्हणत. १९४५ मध्ये जपानी गेल्यावर प्याँगयाँगमधील सर्वांत आदरणीय नेते तेच होते. परकीय विश्वस्त-सत्तेची योजना त्यांनी मान्य केली नाही, म्हणून १९४६ च्या आरंभी सोव्हिएत अधिकाऱ्यांनी त्यांना नजरकैदेत टाकले. त्यांची जागा किम इल-सुंग यांनी घेतली. कोरियन युद्धाच्या धामधुमीत, १९५० मध्ये, चो मान-सिक यांना ठार करण्यात आले असे मानले जाते.

१९८० च्या दशकाच्या आरंभी चोईंनी को-दांग हा तुल काढला आणि त्या जागी नवा रचला. त्याचे नाव जूचे. जूचे म्हणजे किम इल-सुंग यांच्या राजवटीची अधिकृत विचारप्रणाली. चोईंच्या पंधरा खंडांच्या विश्वकोशात हा जूचेच आहे.

हा बदल मला ऊ-नामपेक्षा कितीतरी जास्त खुपतो. री सत्ताधीश होते; त्यांचे नाव खुशामतीने आले आणि खुशामत संपताच गेले. चो मान-सिक सत्ताधीश नव्हते. ज्या राजवटीने त्यांना कैदेत संपवले तिच्या सोयीसाठी त्यांचे नाव काढण्यात आले, आणि ते काढणारा माणूस स्वतः त्याच वर्षांत दुसऱ्या एका राजवटीकडून पुसला जात होता. नाव गेल्याची जखम त्यांना ठाऊक होती. तरी त्यांनी ते केले. समर्थक म्हणतात, एकीकरणासाठी एवढी तडजोड आवश्यक होती. मग तोंग-इल तुलाच्या ५६ हालचाली कोणाच्या कोरियासाठी आहेत, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारावा.

पुढचा भाग थोडक्यात. सोलची फेडरेशन जिंकली. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये तायक्वांदो प्रात्यक्षिक खेळ होता, १९९४ मध्ये त्याला पूर्ण मान्यता मिळाली आणि २००० मध्ये सिडनीत पदके दिली गेली. किम उन-योंग आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे उपाध्यक्ष झाले. २००४ मध्ये निधीच्या अपहाराबद्दल दोषी ठरून तुरुंगातही गेले. चोई १५ जून २००२ रोजी प्याँगयाँगमध्ये कर्करोगाने वारले आणि तेथील देशभक्त हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत त्यांना पुरण्यात आले. त्यांच्या संघटनेचे लगोलग तीन तुकडे झाले. २०१७ मध्ये उत्तरेच्या खेळाडूंनी दक्षिणेत मुजू येथे प्रात्यक्षिक दाखवले, २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी दोन्हींकडचे खेळाडू एकत्र उतरले. टाळ्या पुष्कळ झाल्या.

तायक्वांदो शिकणाऱ्या कोणालाही त्यातून कमीपणा वाटावा असे या इतिहासात मला काही दिसत नाही. पराभूत देशातील एका पिढीने शत्रूकडून शिकलेली विद्या पन्नास वर्षांत आपली करून जगभर नेली, ही कथा थडग्यातील चित्रांपेक्षा कितीतरी मोठी आहे. तुमच्या वर्गात पुन्हा कोणी दोन हजार वर्षांची गोष्ट सांगितली तर भांडू नका. तुलांची नावे आणि त्यांच्या हालचालींचे आकडे तेवढे विचारा.

आणि को-दांगचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. चोईंच्या मृत्यूनंतर एका गटाने ‘जूचे’ हे नाव टाकून दिले आणि त्या तुलाला पुन्हा ‘को-दांग’ म्हणायला सुरुवात केली. मात्र बदलले ते नावच. हालचाली जुन्या को-दांगच्या परत आल्या नाहीत. त्यामुळे आज काही दालनांत शिक्षक चो मान-सिक यांचे टोपणनाव पुकारतो, आणि रांगेत उभे असलेले विद्यार्थी जूचे करून दाखवतात.